मदत हवी आहे: आजोबांच्या कात्रणवह्यांतली व्यंगचित्रं कोणत्या सालची, हे कसं ओळखू?

गुळाची_ढेप

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा कोल्हापुरात शाहूपुरीला गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. निकामी झालेल्या खतावण्या घरी आणायचे आणि पेपरांतून, मासिकांतून कापलेली व्यंगचित्रं त्यांत चिकटवायचे. कणकेची खळ आणि आजीची शिवणाची कात्री. अशा अकरा वह्या आहेत. पान उघडलं की डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि दोन्हींवर आडवा पसरलेला एक पोट सुटलेला मंत्री.

अडचण अशी की एकाही चित्राखाली तारीख नाही, अंकाचं नाव नाही. गुळाच्या रव्याचा हिशेब पैशापर्यंत ठेवणारा माणूस, आणि इथे काहीच लिहिलं नाही!

एम. ए.च्या लघुशोधप्रबंधासाठी मी एका चौकटीतली मराठी हास्यचित्रं घेतली आहेत. मार्गदर्शकांचं म्हणणं, साल आणि प्रकाशन सांगता येत नसेल तर ही घरातली आठवण झाली, अभ्यासाचं साधन नाही. राग आला, पण बरोबर आहे त्यांचं.

२०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं आणि खालच्या फळीवरच्या तीन वह्या भिजल्या. खळ सुटून चाळीसेक कात्रणं आपोआप मोकळी झाली. भावाने हौसेने दोन इस्त्रीखाली घातली, ती चहाच्या रंगाची झाली. मग त्याला खोलीबाहेर काढून बाकीची मी टिपकागदात वाळवली. पण त्या निमित्ताने कात्रणांची पाठ पहिल्यांदा दिसली. एकीवर कोल्हापूर नगरपालिकेची अर्धी नोटीस, एकीवर सिनेमाची जाहिरात, एकीवर साबणाची किंमत 'न. पै.'मध्ये.

तर प्रश्न एक: या पाठीवरून साल काढता येईल का? आणि येत असेल तर उरलेल्या आठ वह्या मुद्दाम ओल्या करून कात्रणं सोडवू का? (ओरडू नका, फक्त विचारतेय.)

प्रश्न दोन अभ्यासाचा. जे वाचायला मिळतंय ते सगळं चित्रमालिकेवर. कॉमिक्सवर लिहिणाऱ्या स्कॉट मॅकक्लाउडच्या १९९३च्या पुस्तकातली व्याख्याच अशी की चित्राशेजारी चित्र हवं, तेही ठरवलेल्या क्रमाने. एकटी चौकट त्याच्या मते कॉमिक्स नव्हेच. डेव्हिड कुन्झल १९७३ साली युरोपातल्या जुन्या छापील चित्रकथांचा इतिहास लिहितो, त्याचीही पहिली अट चित्रांची मालिका. फ्रेंचमध्ये लिहिणारा थिअरी ग्रुन्स्टेन १९९९मध्ये चौकटींच्या आपसांतल्या नात्यावर सगळा डोलारा उभा करतो. मग शि. द. फडणिसांचं एकही शब्द नसलेलं एकच चित्र कुठे बसवू? व्यंगचित्रकार वसंत सरवटे तर इथलेच, जन्म १९२७, कोल्हापूर. ज्या प्रकारावर दिवाळी अंकांच्या वाचकांनी पिढ्यान्‌पिढ्या हसून घेतलं, तोच या मंडळींच्या दाराबाहेर उभा.

खिळेजुळारी

ताई, वह्या भिजवू नका. खतावणीची शाई पाण्यात पसरते, जमाखर्चही जाईल आणि मंत्रीही. सेलोटेप नको, लॅमिनेशन नको. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तो आपण होऊन पिवळा पडत असतोच. इस्त्रीने तेच काम मिनिटात केलं. खळीला कसर लागते, तेव्हा वह्या कोरड्या हवेत, जमिनीपासून वर ठेवा.

आता पाठीकडे वळू. मी सव्वीस वर्षं छापखान्यात काढली, म्हणून सांगतो.

न. पै. म्हणजे नवे पैसे. ते १ एप्रिल १९५७ला आले आणि १ जून १९६४ला त्यांतलं 'नवे' गेलं. दुकानदारांची सवय लगेच सुटली नसणार, म्हणून खालची हद्द पक्की, वरची सैल धरा. नगरपालिकेची नोटीस असेल तर डिसेंबर १९७२च्या आधीची, कारण त्या महिन्याच्या १५ तारखेला कोल्हापूरची महानगरपालिका झाली. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२च्या नंतरची. 'मुंबई राज्य' दिसलं तर १ मे १९६०च्या आधीची.

चित्राखालच्या ओळीही वाचा. 'नाहीं', 'कां', 'आंत' असे अनुस्वार असतील तर मजकूर बहुधा १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीच्या वळणाचा. बहुधाच म्हणतो, कारण आमचा एक हेडकंपोझिटर नियम आल्यावरही कैक वर्षं मनाने अनुस्वार टाकायचा आणि मालकही काही बोलत नसत.

सिनेमाच्या जाहिरातीवर मात्र विसंबू नका. मॅटिनीला दहा वर्षांपूर्वीचा सिनेमा पुन्हा लागायचा.

आणखी एक करून बघा. सुटलेल्या कात्रणाच्या पाठीवरून बोट फिरवा. खिळे (अक्षरांचे ठसे) आणि चित्राचा जस्ताचा ब्लॉक दाबून छापलेलं असेल तर रेघेचा उठाव किंचित हाताला लागतो. ऑफसेटमध्ये ठसा कागदात दाबला जात नाही, म्हणून तो कागद सपाट. पण तुमचा कागद भिजून वाळलाय, म्हणून कोरड्या वहीतल्या एखाद्या सुट्या कोपऱ्याशी ताडून बघा.

पंचगंगेचा_पूर

लई भारी आजोबा की ओ ताई! आमच्या घरात जुन्या पेपरात भडंग बांधून संपलं सगळं.

पाठीवर गुळाचा भाव सापडला तर मणात आहे का क्विंटलात ते बघा. पण त्यावर साल नका ठरवू, आमचे चुलते कालपरवापर्यंत मणातच बोलायचे. आणि करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुन्या अंकांची चौकशी करा. १८५०पासूनचं वाचनालय आहे. कात्रणाचा फोटो मोबाईलमध्ये न्या, मूळ कात्रण नको. बाहेर पावसाचा भरवसा नाही आणि माझं नावच असं आहे.

अर्कचित्र

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

मॅकक्लाउडची व्याख्या म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. त्याच्याशी जाहीर भांडणारा अभ्यासक म्हणजे आर. सी. हार्वी. त्याच्या मते या कलेचा गाभा शब्द आणि चित्र एकमेकांत मिसळून अर्थ तयार होण्यात आहे, त्यामुळे ओळ आणि चित्र मिळून होणारी एकटी चौकट आत येते. गंमत अशी की फडणिसांचं निःशब्द चित्र मग हार्वीच्याही बाहेर राहतं. तुमच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण मला इथेच दिसतंय. दोन्ही व्याख्या ज्याला पुऱ्या पडत नाहीत, त्या चित्रात घटनेचा 'आधी' आणि 'नंतर' वाचक मनात कसा भरतो, ते एका चित्रावर दाखवा. दहा चित्रं घेऊ नका, एकच घ्या आणि पिळून काढा.

जॉन लेंट यांनी १९९९मध्ये सुरू केलेलं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॉमिक आर्ट' चाळा. नाव कॉमिकचं असलं तरी त्यात राजकीय व्यंगचित्रं, मासिकांतली हास्यचित्रं सगळं येतं, आणि आशियावर भरपूर. भारतासाठी रितु गैरोला खंडुरी यांचं २०१४चं पुस्तक वाचाच. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी 'इंडियन ओपिनियन'मध्ये इंग्रजी पत्रांतली व्यंगचित्रं छापून त्यांचा अर्थ वाचकांना कसा उलगडून सांगत, ते त्यात आहे. म्हणजे व्यंगचित्र वाचायला शिकावं लागतं, हे त्यांना तेव्हा जाणवलं होतं.

'घरातली आठवण' या शेऱ्याला उत्तर म्हणून बिल ब्लॅकबिअर्डचं उदाहरण द्या. अमेरिकेतली ग्रंथालयं मायक्रोफिल्म झाल्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे काढून टाकत होती. या गृहस्थाने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरी आणून त्यांतल्या चित्रपट्ट्या कापून ठेवल्या. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठाने तो संग्रह घेतला तेव्हा सहा मोठे ट्रक लागले, वजन ७५ टन. त्यावर आज लोक संशोधन करतात. तुमचे आजोबा अकरा वह्यांवर थांबले, एवढाच फरक.

एक राहिलं. संशोधनापुरती, टीकेपुरती चित्रं वापरायला कायदा आडवा येत नाही, पण अख्ख्या वह्या स्कॅन करून इथे टाकू नका. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो.

गुळाची_ढेप

खिळेजुळारी काका, अर्कचित्र सर (की मॅडम?), पूरभाऊ, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वह्या भिजवत नाही. देवाशपथ.

काल रात्री सुटी कात्रणं घेऊन बसले. न. पै. पाच निघाली. एका नोटिशीत नगरपालिका आहे आणि त्याच कात्रणाच्या पुढल्या बाजूला चित्राखाली 'कांहीं' असा शब्द, दोन्ही अनुस्वार जागेवर. उठाव मात्र हाताला लागला नाही, पुराने तेवढा नेला. वहीत ही कात्रणं पानांच्या ओळीने होती. भिजलेल्या वहीच्या पानांवर खळीचे चौकोन अजून दिसतात, तेव्हा कोणतं कुठे होतं तेही थोडंफार जुळतंय.

खरी गोष्ट पुढेच. हे सगळं पसरून बसलेलं पाहून आजी म्हणाली, "एवढ्याला काय डोकं लावतेस? माझे अंक वर माळ्यावर आहेत की." आजोबांनी दिवाळी अंक कापले म्हणून तेव्हा कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण चित्राच्या पाठीमागे करंज्यांची कृती होती. तिने ते भोकं पडलेले अंक रागाने ट्रंकेत भरून ठेवले आणि पुन्हा हात लावू दिला नाही.

ट्रंकेत सात अंक आहेत. कव्हरं शाबूत, तारखा शाबूत, मधल्या पानांना खिडक्या. कात्री बोथट होती, त्यामुळे कडा वेड्यावाकड्या, म्हणजे जुळवायला सोप्या. आतापर्यंत तीन खिडक्या भरल्या. चौथीतून करंज्यांच्या कृतीचं वरचं अर्धं दिसतंय, 'खवा मंद आंचेवर' इथपर्यंत, आणि तिचं कात्रण सुट्यांत नाही. म्हणजे ते कोरड्या वहीत, खळीने घट्ट बसलेलं असणार.

काका, एकच कात्रण, फक्त एकच, कोरड्यानेच सोडवायची काही युक्ती आहे का? आजी कृती मागतेय.