गंजगोलाईसाठी स्वतंत्र बाजार-सुधार आकार: आकारणी कशावर करावी आणि मत कोणाचे धरावे?

गोलाईचा गाळेधारक (लातूर) यांचा प्रश्न

लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे शहराच्या मध्यातील जुन्या गोल वास्तूभोवतीच्या बाजारपेठेत, आमच्या कुटुंबाचे दोन गाळे आहेत. एकात आमचे कापडाचे दुकान आहे आणि दुसरा वडिलांच्या काळापासून भाड्याने दिलेला आहे. अलीकडे पेठेतील काही तरुण व्यापाऱ्यांनी बैठकांमध्ये एक कल्पना लावून धरली आहे. परदेशात ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ नावाची जी व्यवस्था आहे, तिच्या धर्तीवर गोलाई आणि तिथून निघणाऱ्या 16 रस्त्यांची तोंडे एवढी हद्द आखावी, हद्दीतील प्रत्येक व्यावसायिक मालमत्तेवर घरपट्टीच्या बिलातूनच जादा आकार लावावा, महापालिकेने तो वसूल करून व्यापाऱ्यांच्या मंडळाकडे द्यावा आणि त्यातून दुपारची दुसरी झाडलोट, रात्रीचे पहारेकरी, वाहनतळ व स्वच्छतागृहे चालवावीत, असा हा प्रस्ताव आहे.

कल्पनेला माझा विरोध नाही. 1970 मध्ये टोरांटोतील ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेने, नव्या मॉलकडे आणि भुयारी रेल्वेकडे वळलेले गिऱ्हाईक परत आणण्यासाठी, हा मार्ग प्रथम धरला आणि आज एकट्या न्यूयॉर्क शहरात अशी 70 हून अधिक क्षेत्रे आहेत. तेव्हा त्यात काही तथ्य असणारच. माझी शंका आकारणीविषयी आहे. मसुद्यात ‘करयोग्य मूल्याच्या प्रमाणात आकार आणि त्याच प्रमाणात मत’ असे लिहिले आहे. माझे दोन्ही गाळे एकाच मापाचे आहेत, मधली भिंत सामाईक आहे, दोन्हींसमोरची नालीही एकच आहे; तरी भाड्याच्या गाळ्याचे करयोग्य मूल्य माझ्या दुकानाच्या मानाने फारच कमी आहे. झाडलोट दोन्हींसमोर सारखीच होणार असेल, तर आकारात हा फरक कशासाठी? शिवाय भाड्याच्या गाळ्याचे पैसे मी भरायचे की भाडेकरूने? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कर विभागातून निवृत्त

आपल्या दोन गाळ्यांतील तफावत कायद्यातून आलेली आहे. ज्या महापालिकांत भाडेमूल्यावर आकारणी होते, तिथे गाळ्याला वर्षाला किती भाडे येणे रास्त आहे ते ठरवतात, दुरुस्तीपोटी त्यातून 10 टक्के वजा करतात आणि उरते ते करयोग्य मूल्य. मात्र भाडे नियंत्रण कायद्याखालील जागेचे वार्षिक मूल्य प्रमाण भाड्यापलीकडे (त्या कायद्याने ठरणाऱ्या भाड्यापलीकडे) धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये दिवाण दौलतराय कपूर यांच्या खटल्यात स्पष्ट केले. मराठवाड्यात आधी हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि त्यात वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली. पण मूळ भाडेच जुने आणि नाममात्र असेल, तर त्यावरची 4 टक्के वाढ कितीशी होणार?

आता याच्या दुसऱ्या टोकाला पाहा. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाड्याने दिलेल्या जागांना हा कायदा लागूच नाही. त्यामुळे मोठ्या कंपनीचे शोरूम बाजारभावाने भाडे देते आणि त्या जागेचे करयोग्य मूल्यही त्याच भाड्यावर चढते. शेजारचा मिरचीवाला किंवा चपलांचा दुकानदार तेवढ्याच जागेवर त्याच्या एका अंशाएवढा आकार भरील. मत त्याच प्रमाणात ठेवले, तर गोलाईचा कौल कोपऱ्यावरच्या थोड्या शोरूममालकांच्या हाती जाईल आणि पिढ्यान्‌पिढ्या पेठ चालवणारे मोजणीतही येणार नाहीत. मोजपट्टीच वाकडी असताना तिने मते मोजू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. घरपट्टीच्या बिलावर सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागेसाठी रोजगार हमी कर अशा ओळी आधीच असतात. नवी ओळ कायद्याने मालमत्ता कराचाच भाग ठरली, तर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्तीही तिच्यामागे येईल. वर्गणीची पावती आणि घरपट्टीचे बिल यांतला हा फरक बैठकीत कोणी सांगितला आहे का?

वकील, छत्रपती संभाजीनगर

वरील प्रतिसाद योग्य आहे. त्यात अधिकाराचा मुद्दा जोडतो. संविधानाच्या अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. महापालिकेच्या नुसत्या ठरावाने एका पेठेपुरता जादा आकार लावून तो खासगी मंडळाकडे वळता केला, तर पहिल्याच याचिकेत तो अडचणीत येईल. राज्याच्या कायद्यात तशी तरतूद आधी हवी. ब्रिटनने 2003 च्या स्थानिक शासन कायद्यात ती केली, कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. आकाराला ‘शुल्क’ म्हणून प्रश्न सुटेल, असे काहींना वाटते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या शिरूर मठ खटल्यातील 1954 च्या निकालापासून आपल्याकडे शुल्क आणि सेवा यांचा काही तरी मेळ दाखवावा लागतो. पुढच्या निकालांनी ही कसोटी सैल केली आहे हे खरे, तरी ज्याच्या दारात झाडू फिरत नाही त्याच्याकडून झाडलोटीचे शुल्क मागणे सोपे होणार नाही.

संमती कशी मोजतात, हेही पाहावे. ब्रिटनमध्ये मतदान होते. मत देणाऱ्यांची संख्या आणि त्यांचे करमूल्य या दोन्ही निकषांवर बहुमत लागते आणि मंजुरी जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी असते, म्हणजे पुन्हा दारोदार जाऊन लोकांना पटवावेच लागते. न्यूयॉर्कमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे 51 टक्के मालकांनी, किंवा 51 टक्के मूल्याच्या मालकांनी, लेखी हरकत घेतली तरच प्रस्ताव पडतो. जो गप्प बसला त्याची संमती धरली जाते. आपल्याकडे हरकतीची जाहीर सूचना किती जण वाचतात हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा न्यूयॉर्कची पद्धत मसुद्यात येऊ देऊ नका.

आमच्या भागातील उद्योजक वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत की औद्योगिक वसाहतीत सेवाशुल्क औद्योगिक विकास महामंडळ घेते आणि वर स्थानिक संस्थेचा करही भरावा लागतो. तसेच दुहेरी ओझे पेठेवर येऊ नये म्हणून, महापालिका आज गोलाईत किती कामगार, किती फेऱ्या आणि किती दिवे देते त्याची यादी कराराला जोडून घ्यावी. ब्रिटनमध्ये मतदानाआधी अशी मूळ सेवांची यादी मांडण्याची पद्धत आहे. ती नसेल तर मंडळाचे झाडूवाले आल्याच्या दुसऱ्या महिन्यात महापालिकेचे झाडूवाले दुसऱ्या प्रभागात गेलेले दिसतील.

जुना भाडेकरू

चर्चा मालकांच्या बाजूने चालली आहे, म्हणून लिहितो. आमच्या दुकानाची घरपट्टी मालकांच्या नावे येते आणि भरतो मी. पेठेत हा रिवाज जुना आहे. उद्या जादा आकारही माझ्याच गल्ल्यातून जाईल, मत मात्र उताऱ्यावर नाव असलेल्या मालकांचे धरले जाईल, आणि ते कदाचित पुण्यात राहत असतील. पुण्याला राहणाऱ्याने मत देऊ नये असे मी म्हणत नाही. पण जो रोज शटर उघडतो त्याला मत नसावे, हे कोणत्या हिशेबात बसते? ब्रिटनमध्ये जागा वापरणारा पैसे भरतो आणि तोच मत देतो, असे वकीलसाहेबांच्या प्रतिसादानंतर मी वाचले.

दुसरी भीती मोठी आहे. पेठ सुधारली की जागेचा भाव चढेल आणि भाव चढला की मालकांना ‘स्वतःच्या गरजेसाठी’ जागा हवीशी वाटेल. माझ्या पैशाने पेठ सजवून माझ्याच निष्कासनाच्या दाव्याला कारण पुरवणे मला परवडणारे नाही. मालक मंडळींनी याचे उत्तर लेखी द्यावे.

बांगड्यांच्या दुकानातून

स्वच्छतागृहाचा मुद्दा प्रस्तावात शेवटी आला आहे. माझ्या दृष्टीने तो पहिला आहे. दागिने, साड्या, बांगड्या यांच्या खरेदीला येणाऱ्या बायका खेड्यांतून सकाळच्या एसटीने येतात आणि संध्याकाळी परततात. एवढ्या वेळात त्यांनी जावे कुठे, याचा विचार 1917 च्या या वास्तूभोवती अजून नीट झालेला नाही. त्यासाठी मी आनंदाने जादा पैसे देईन.

मात्र ‘पेठ मोकळी करणे’ म्हणजे हातगाडे उठवणे असा अर्थ असेल, तर माझे नाव त्यातून वगळावे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या असतात आणि सर्वेक्षण पूर्ण होण्याआधी कोणाला हटवता येत नाही. व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या पहारेकऱ्यांना तो अधिकार कोणी दिला? आणि वाहनतळाविषयी बोलायचे तर, सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत दुकानांसमोर उभ्या असलेल्या दुचाक्या गिऱ्हाइकांच्या नसतात, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

गोलाईचा गाळेधारक

सर्वांचे आभार. भाडेकरूंच्या प्रतिसादाने थोडे टोचले, पण मुद्दा रास्त आहे. पुढच्या बैठकीत मी तीन दुरुस्त्या मांडणार आहे. आकार करयोग्य मूल्याऐवजी गाळ्याच्या दर्शनी रुंदीवर, म्हणजे रस्त्याकडेच्या फुटांवर, धरावा, कारण झाडू, दिवा आणि पहारा त्या फुटांनाच मिळतो आणि अमेरिकेतील अनेक क्षेत्रांत ही पद्धत आहे. प्रत्येक चालू दुकानाला एक मत असावे आणि ते जो आकार भरतो त्याने द्यावे; मी भाड्याच्या गाळ्याचा आकार भाडेकरूकडून घेतला, तर त्या गाळ्याचे मत माझे नाही. महापालिकेच्या सेवांची यादी कराराला जोडल्याशिवाय सहीच करू नये. कायदा होईपर्यंत स्वेच्छेच्या वर्गणीतून फक्त स्वच्छतागृह चालवून पाहावे, असेही सुचवणार आहे.

कर विभागातील साहेबांना एक विचारतो: दर्शनी रुंदी धरल्यास कुठे अडेल?

कर विभागातून निवृत्त

कोपऱ्यावर अडेल. गोलाईतून 16 रस्ते निघतात, म्हणजे कोपऱ्यावरचे गाळे 32 झाले आणि त्यांतील प्रत्येकाला दोन दर्शनी बाजू. दोन्ही बाजू पूर्ण मोजल्या तर तेच 32 जण विरोधाला उभे राहतील. एकच मोजली तर मधले गाळेधारक ओरडतील. मोठी बाजू पूर्ण आणि लहान बाजू निम्मी, असे काही तरी मसुद्यातच लिहून घ्या. वरच्या मजल्यावरच्या गोदामांना दर्शनी बाजूच नसते; त्यांच्यासाठी क्षेत्रफळावर वेगळा, कमी दर ठेवावा लागेल. आणि मोजणीला टेप घेऊन जाताना मालक व भाडेकरू दोघांच्या सह्या त्याच कागदावर घ्या.