मदत हवी आहे: इफच्या वाक्यात वुड कधी, वुड हॅव कधी?

काठावरचा: झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनलची, म्हणजे इफच्या अटीच्या वाक्यांच्या चार प्रकारांची, सूत्रं पाठ आहेत. मराठी वाक्य समोर आलं की मात्र अडतं. ‘वेळ असता तर आलो असतो’ हे सेकंड की थर्ड? ‘पाऊस पडला तर’ यात क्रियापद भूतकाळी दिसतं, मग इंग्रजीत ‘रेन्ड’ का नाही? आणि इफनंतर विल कधीच येत नाही का?

अनुस्वार: ‘पडला तर’ दिसायला भूतकाळ, पण बोलणं उद्याचं. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ लागतो: इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल कॅन्सल द मॅच. ‘रेन्ड’ घातलंत तर पुढे वुड घ्यावं लागेल आणि अर्थ बदलेल, म्हणजे पाऊस पडेलसं तुम्हाला वाटत नाही.

खरी गोम ‘असता-असतो’मध्ये आहे. मराठीत हे एकच रूप आजच्या आणि कालच्या, दोन्ही न घडलेल्या गोष्टींना चालतं. म्हणून वाक्याच्या दोन्ही भागांत ‘आत्ता’ आणि ‘काल’ घालून बघा.
आत्ता वेळ असता तर: इफ आय हॅड टाइम, आय वुड कम. हे सेकंड.
काल वेळ असता तर: इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम. हे थर्ड. (पहिला हॅड साहाय्यक, दुसरा हॅवचं तिसरं रूप. टायपिंगची चूक नव्हे!)
दोन्ही भाग वेगवेगळे तपासायचे, कारण ‘तेव्हा शिकलो असतो तर आज नोकरी असती’ यात काळ मध्येच बदलतो: इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड हॅव अ जॉब नाऊ. (इथलं हॅव म्हणजे नुसतं ‘असणं’, पुढे तिसरं रूप नाही.) ही मिक्स्ड कंडिशनल. बहुतेकांची गाडी इथेच घसरते, कारण सूत्र पाठ करणारा दोन्ही भाग एकाच खणात कोंबतो.

तिरपी रेघ: विलबद्दल. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ अगदी शुद्ध आहे. इथे इफ म्हणजे ‘की नाही’, अट नाहीच. विनंती किंवा तयारी दाखवतानाही चालतं: इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल हर. निव्वळ अट असेल तर मात्र टाळा.
‘आय’ला अपॉस्ट्रॉफी-डी जोडलेला दिसला तर पुढचं क्रियापद बघा. तिसरं रूप असेल तर हॅड, मूळ रूप असेल तर वुड. ‘पुट’, ‘कम’ यांची दोन्ही रूपं सारखीच, तिथे संदर्भच बघावा लागतो.

काठावरचा: ‘इफ आय वॉज’ की ‘वेअर’?

तिरपी रेघ: बोलताना दोन्ही ऐकू येतात. परीक्षेत वेअर लिहा. ‘इफ आय वेअर यू’ तर ठरलेलंच.

काठावरचा: मग ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी आत्ता तिथे असतो’ म्हणजे: आय वुड बी देअर नाऊ, इफ यू हॅड टोल्ड मी. जमलं?

अनुस्वार: काळ दोन्हीकडे बरोबर. स्वल्पविराम तेवढा काढा, तो इफचा भाग आधी आला तरच लागतो.