हॉल बदलण्याआधी

प्रेषक: हडर्सफील्डचे एक ज्येष्ठ सभासद

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या कोजागिरीला लीड्सच्या हॉलमधून आम्ही दोघं दूध मिळायच्या आतच उठून निघालो, म्हणून बऱ्याच जणांचे काळजीचे फोन आले. तब्येती उत्तम आहेत. उठलो ते गाडीसाठी. रविवार, त्यात हडर्सफील्डच्या बाजूला रुळांचं काम, म्हणजे मुंबईच्या भाषेत मेगाब्लॉक. साडेसातची गाडी रद्द झाली. पुढची मिळाली ती निम्मी वाट बसने नेणारी. हडर्सफील्ड स्टेशनसमोर पोचलो तेव्हा आमच्या टेकडीवर जाणारी शेवटची बस पंधरा मिनिटांपूर्वी निघून गेली होती. पावसात अर्धा तास उभं राहून टॅक्सी मिळाली. हिचा गुडघा त्या रात्रीपासून पुन्हा दुखतोय.

हे सांगण्याचं कारण कार्यकारिणीचं कालचं पत्र. पुढच्या वर्षापासून सगळे कार्यक्रम मोटरवेलगतच्या हॉलमध्ये घ्यायचे, तिथे पार्किंग भरपूर आणि फुकट आहे, असा प्रस्ताव आहे. त्या हॉलला रविवारी एकही बस जात नाही. मी परवाच जाऊन थांब्यावरचं वेळापत्रक वाचून आलो. माझं वय ७८, डोळ्यांमुळे लायसन्स परत केलं त्याला तीन वर्षं झाली. आमच्यासारखी आणखी चार-पाच घरं आहेत, शिवाय विद्यार्थी आहेत. हॉल तिकडे नेलात तर आमचं मंडळात येणं बंद होईल.

ज्येष्ठांना इंग्लंडभर बस फुकट आहे, २००८ पासून एकच पास सगळीकडे चालतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या खिशात तो पास आहे. पण पासावर चढायला बस तर हवी ना? सरकारने तिकिटाची सोय केली आणि बसची केली नाही. १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडन सोडून बाकी ब्रिटनमधल्या बस मोकळ्या सोडल्या. २६ ऑक्टोबर १९८६ पासून कोणत्या रस्त्यावर, किती वाजता, किती भाड्यात बस चालवायची हे कंपनीने ठरवायचं. नफ्याची फेरी ती चालवणार, तोट्याची सोडून देणार. सोडलेली फेरी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, हवी असेल तर तिने पदरचे पैसे घालून ती विकत घ्यायची. मग कौन्सिलचा खिसा रिकामा झाला की पहिली कुऱ्हाड पडते संध्याकाळच्या आणि रविवारच्या फेऱ्यांवर. आपले कार्यक्रम नेमके त्याच वेळी असतात.

कृपया निर्णय घाईने घेऊ नका.

प्रेषक: कार्यवाह

काका, सादर नमस्कार.

तुमचं पत्र वाचून रात्री झोप लागली नाही. काकूंना पावसात उभं राहावं लागलं हे आम्हाला कळलंही नाही. कुणीतरी सोडायला यायला हवं होतं, आणि ती चूक कार्यवाह म्हणून माझी आहे.

पण प्रस्ताव कुठून आला तेही सांगते. तीन घरं मोटारीने येतात तेव्हा कुठे एक घर बस-गाडीने येतं. तान्ही मुलं, कढया, पातेली, मखर, पेटी-तबला, सगळं लीड्सच्या मधल्या भागात आणायचं, चार मजली पार्किंगमध्ये लावायचं आणि दोन चौक ओलांडून हॉलपर्यंत वाहायचं. गणपतीला आम्ही सहा जणांनी मूर्ती हातात धरून सिग्नल ओलांडला. सामान वाहणाऱ्यांचाही विचार करायला हवा ना, काका?

आणखी एक. गेल्या सभेत तुम्ही म्हणालात की खासगीकरणाने रेल्वेचं वाटोळं केलं, आता सरकार परत घेतंय म्हणजे दिवस बदलतील. मला तितकी आशा वाटत नाही. आपल्याकडे गाड्या चालवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी नॉर्दर्नचा कारभार १ मार्च २०२० पासून सरकारी कंपनीकडे आहे, ट्रान्सपेनाइनचा मे २०२३ पासून. त्याला वर्षं झाली, तरी आपण रविवारी सकाळी फोनवर ‘रद्द’, ‘रद्द’ हेच वाचतो. डब्यावरची पाटी बदलून गाडी वेळेवर येत नाही. मी रुग्णालयात पाळीवर काम करते. सातच्या पाळीला सव्वासातला पोचले तर रात्रभर जागलेली मैत्रीण माझ्यासाठी खोळंबते. म्हणून मी नाइलाजाने मोटार घेतली. अशी प्रत्येकाने घेतली की बसला माणसं उरत नाहीत, हेही मला दिसतं. पण एकट्या माणसाने काय करावं?

प्रेषक: ब्रॅडफर्डहून, विद्यार्थी सभासद

नमस्कार काका, नमस्कार ताई.

मी या यादीवर पहिल्यांदाच लिहितोय. ब्रॅडफर्डला राहतो, लीड्सला शिकतो. ब्रॅडफर्डला दोन स्टेशनं आहेत, दोन्ही शेवटची, आणि दोघांना जोडणारा रूळ नाही. एकीकडे उतरून दुसरीकडे चालत जावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत बसस्थानकात काँक्रीट पडलं म्हणून ते बंद केलं, आणि वर्षभर आम्ही रस्त्यावरच्या तात्पुरत्या थांब्यांवर भिजलो. त्या वर्षी मी मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आलो नाही. आळस म्हणून नाही. रात्री परत कसं यायचं हेच कळत नव्हतं.

माझा पुण्याचा मित्र मँचेस्टरला आहे. त्याच्याकडे बस पिवळ्या आहेत, सगळ्या एकाच रंगाच्या. बस असो की ट्राम, एकच बँकेचं कार्ड टेकवायचं, दिवसाला ठरलेल्या रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. माझ्याकडे एका कंपनीचा आठवड्याचा पास आहे. त्याच रस्त्यावर दुसऱ्या कंपनीची बस आधी आली तर ती सोडून द्यावी लागते. मोटरवेजवळच्या हॉलला मी येऊ शकणार नाही. दर वेळी कुणाला तरी ‘मला न्याल का’ असं विचारायला मला संकोच वाटतो. परक्या देशात आपल्या माणसांकडे तरी स्वतःच्या पायांनी यावं असं वाटतं.

प्रेषक: हडर्सफील्डचे एक ज्येष्ठ सभासद

कार्यवाहताई, आणि ब्रॅडफर्डच्या मुला,

ताई, तुझी काही चूक नाही, ते मनातून काढून टाक. तुझा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सरकारकडे आलं म्हणजे आपोआप सुधारलं, असं मी म्हटलं असेन तर ते अपुरं होतं.

मी ब्रिटिश रेलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सरकारी रेल्वेत, सिग्नल दुरुस्तीच्या कामावर वीस वर्षं होतो. तो कारभार आदर्श नव्हता. डबे जुने, पैसा कधीच पुरेसा नाही. रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे रूळ आणि दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद झाली, तीही सरकारी राज्यातच. पण रात्री दोन वाजता सिग्नल बिघडला तर फोन कुणाला करायचा हे आम्हाला माहीत असे. १९९३ चा खासगीकरणाचा कायदा आला आणि एका संस्थेचे शंभर तुकडे झाले. रूळ आणि सिग्नल रेलट्रॅक या खासगी कंपनीकडे. गाड्या चालवायचे मक्ते २५ कंपन्यांना. डबे आणि इंजिनं तीन भाडेकंपन्यांना विकली, त्या गाडी चालवणाऱ्याला ती भाड्याने देणार. रुळांची देखभाल आणखी वेगळ्या ठेकेदारांकडे. माझ्या तुकडीतली माणसं तीन कंपन्यांत वाटली गेली. कुठल्या वळणावर रूळ झिजतो, कुठल्या पॉइंटमध्ये पाणी साचतं, हे ज्यांना बोटांनी माहीत होतं ते पैसे घेऊन लवकर निवृत्त झाले. ते ज्ञान कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर २००० ला हॅटफील्डजवळ रूळ फुटून गाडी घसरली आणि चार माणसं गेली. तो रूळ खराब झालाय हे आधीच माहीत होतं, बदलायचंही ठरलं होतं. ठरवणारा वेगळा, बदलणारा वेगळा, आणि काम दोघांच्या मध्ये पडून राहिलं. त्यानंतर तशा भेगा आणखी कुठे आहेत हे रेलट्रॅकला खात्रीने सांगता येईना, म्हणून देशभर हजारावर ठिकाणी गाड्यांचा वेग उतरवला गेला. पुढच्या वर्षी ती कंपनी बुडाली. २००२ मध्ये तिच्या जागी नेटवर्क रेल आलं आणि मग देखभालीची माणसं ठेकेदारांकडून परत आपल्याकडे घेतली. मला तेव्हा वाईट वाटलं ते असं की चार जीव गेल्यावर जे कळलं, ते आमच्या शेडमधला फोरमन १९९४ मध्येच सांगत होता.

आजही कुठे उशीर झाला, आणि तो तीन मिनिटांचा किंवा जास्त असला, की त्याचा दोष कुणाच्या खात्यावर मांडायचा हे ठरवायला माणसं बसलेली असतात. त्यावरून कंपन्या एकमेकांना पैसे देतात. उशीर टाळण्यापेक्षा तो कुणाचा हे ठरवण्यात इतकी बुद्धी खर्च होते, याचं मला फार दुःख होतं.

आता रविवारचं. जुन्या करारांनुसार बऱ्याच ठिकाणी रविवार हा चालकांच्या आणि गार्डांच्या कामाच्या आठवड्यात धरलेलाच नाही. त्या दिवशी जादा पैशांवर जे येतील त्यांच्यावर गाड्या चालतात. पुरेसे आले नाहीत की गाडी रद्द. मक्ता सात-आठ वर्षांचा असेल तर जादा चालक घेऊन त्यांना वर्षभराहून अधिक शिकवण्यापेक्षा जादा पाळीवर भागवणं कंपनीला परवडतं. सगळ्यांनी तेच केलं. सरकारने नुसती कंपनी ताब्यात घेतली, तो करार तसाच राहिला, म्हणून तुला फरक दिसत नाही. २०२४ च्या नव्या कायद्यानेही गाडी चालवण्याचे मक्तेच परत घेतले जाताहेत, मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न या कंपनीपासून सुरुवात झाली. डबे भाडेकंपन्यांचेच राहणार. म्हणजे भाड्याचा नफा बाहेर जात राहणार. मला हे अर्धवट वाटतं.

पण अर्धवट असलं तरी दिशा बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे. लंडनहून लीड्स आणि एडिनबराकडे येणाऱ्या ईस्ट कोस्ट मार्गाचं पाहा. २००७, २००९, २०१८, तीनदा खासगी चालकाला आकडे जुळवता न आल्याने करार मध्येच सोडावा लागला आणि शेवटच्या दोन वेळा सरकारने गाड्या चालवल्या. फायदा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तर करदात्यांचा. आपल्याला हे नवीन नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती एका खासगी इंग्रज कंपनीची. त्या कंपनीला भांडवलावर ५ टक्क्यांची सरकारी हमी होती. कमाई कमी पडली की फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करांतून. कंपनीला काटकसर कशाला करावीशी वाटेल? शेवटी १९२५ मध्ये सरकारने तिचा कारभार हातात घेतला. लहानपणी मी वडिलांचं बोट धरून त्याच मार्गावर प्रवास केला, म्हणून हा हिशेब मला परका वाटत नाही.

ब्रॅडफर्डच्या मुला, मँचेस्टरच्या पिवळ्या बस रंगामुळे चांगल्या नाहीत. तिथे २०२३ च्या सप्टेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने मार्ग, वेळ आणि भाडं ठरवण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या महापौरांकडे आला. बस चालवतात कंपन्याच, पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यावर. लंडनने हा अधिकार कधी सोडलाच नव्हता, म्हणून तिथे एकाच भाड्यात तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. आपल्या वेस्ट यॉर्कशरच्या महापौरांनीही मार्च २०२४ मध्ये हाच निर्णय घेतला. पहिल्या बस २०२७ मध्ये येतील. मी वाट पाहतोय, कारण रेल्वे आणि बस यांची वेळ एकाच टेबलावर बसून ठरली तर गाडी यायच्या आधी शेवटची बस निघून जाणार नाही. त्यासाठी नवा रूळ किंवा बोगदा लागत नाही, दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून वाचणारा एक माणूस लागतो.

मोठ्या घोषणांवर मात्र माझा विश्वास उरलेला नाही. लीड्सच्या ट्राम १९५९ मध्ये बंद झाल्या. सुपरट्राम येणार म्हणाले, ती २००५ मध्ये रद्द. मग ट्रॉलीबस, ती २०१६ मध्ये नाकारली. वेगवान रेल्वेचा लीड्सला येणारा फाटा नोव्हेंबर २०२१ मध्ये कापला. माझ्या मुलीने शाळेत असताना ट्रामचं चित्र काढलं होतं. आता तिचा मुलगा कॉलेजात जातो.

ताई, सामान वाहणाऱ्यांचं मी विसरलो होतो, ते कबूल. हॉल स्टेशनजवळ ठेवायचा तर सामानाची व्यवस्था आम्ही बसवाल्यांनीही उचलायला हवी.

प्रेषक: कार्यवाह

काका, आज संध्याकाळी कार्यकारिणीची फोनवर सभा झाली. सगळ्यांनी तुमची पत्रं वाचली होती.

मोटरवेचा हॉल या वर्षापुरता बाजूला ठेवला. संक्रांतीचा कार्यक्रम स्टेशनजवळच्या जुन्या हॉलमध्येच, पण रविवारऐवजी शनिवारी, दुपारी १ ते ५. त्या दिवशी रुळांचं काम नाही याची मी आधी खात्री करून घेईन आणि मगच पत्रिका पाठवीन. पुढच्या प्रत्येक पत्रिकेत हॉलच्या पत्त्याखाली शेवटच्या बसची वेळ छापायची असं ठरलं. सामानासाठी एक व्हॅन अर्ध्या दिवसाच्या भाड्याने घेणार आहोत. ती हॉलच्या मागच्या दारापर्यंत येते, त्यामुळे मूर्ती हातात धरून रस्ता ओलांडावा लागणार नाही. व्हॅनचं भाडं मोटारीने येणाऱ्या घरांनी आपणहून वाटून घेतलं आहे.

बसबद्दल महापौरांच्या कार्यालयाला मंडळाच्या वतीने पत्र लिहायचं आहे. टेकडीवरची बस, गाडीची वेळ, रविवार, सगळं त्यात हवं. मसुदा तुम्ही लिहा. ब्रॅडफर्डच्या मुलाने आपल्या स्टेशनांचं लिहावं, मी पहाटेच्या पाळीचं लिहिते. येत्या गुरुवारपर्यंत पाठवाल का? काकूंच्या गुडघ्याला आता कसं आहे तेही कळवा.