बाळाची पहिली दिवाळी, पहाटे साडेचारचं अभ्यंगस्नान आणि मी – कसं जमवू?

चिऊची_आई:

नमस्कार मंडळी. थोडी मदत हवीय आणि थोडं रडगाणं पण आहे, सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात असतो, सासर सांगलीच्या पुढे एका गावात. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी १० महिन्यांची. दिवाळीला दरवर्षी तिकडेच जातो आणि खरं तर मला आवडतं, मोठं घर, मागे परडं, दोन्ही जावांची पोरं धरून सहा जणांची गँग होते. पण यंदा चिऊची पहिली दिवाळी आहे, त्यामुळे साबांनी (सासूबाईंनी) दसऱ्यापासूनच प्लॅनिंग चालू केलंय आणि फोनवर रोज एक नवीन आयटम वाढतोय.

पहिलं म्हणजे नरकचतुर्दशीला बाळाला पहाटे साडेचारला उठवून तेल उटणं लावून अंघोळ. उजाडल्यावर केली तर काय होतं ते तुम्हाला माहितीये, थेट नरक. आता आमची चिऊ रात्री दोनदा उठते आणि पहाटे चार ते सहा हीच काय ती तिची गाढ झोप, त्या वेळेत तिला उठवलं तर नरक कोणाच्या वाट्याला येणार हे मला आत्ताच दिसतंय. दुसरं, येणारा जाणारा प्रत्येक जण तिला लाडवाचा कण चाटवणार. गणपतीत माझी पाठ वळली तेवढ्यात एका मावससासूबाईंनी मधाचं बोट चाटवलं आणि वर मलाच म्हणाल्या, काय होत नाही गं. तिसरं फटाके. मोठा मागच्या वर्षी कानावर हात ठेवून माजघरात बसला होता, यंदा चुलत भावांचं ऐकून त्याला सगळंच हवंय. आणि चौथं, त्याला किल्ला करायचाय. मी वाढले इंदूरला, आमच्या घरी हा प्रकार नव्हता, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही.

नवरा म्हणतो आईशी तूच बोल, तुझं ऐकते ती. साबा म्हणतात त्याला विचार. भांडण अजिबात नकोय हो, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या येऊन तीन तीन महिने राहिल्यात. पण मला चार दिवस झोपसुद्धा हवीय.

मुगाची_खिचडी:

अगं मी स्वतः आता साबा आहे, त्यामुळे शत्रूच्या गोटातली बातमी देते :)

साडेचार ही वेळ पंचांगाची नाही, बंबाची आहे. अभ्यंगस्नान करायचं असतं चंद्रोदयानंतर आणि सूर्य उगवायच्या आत. चतुर्दशीचा चंद्र असतो अगदी पहाटेचा आणि तुमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास. म्हणजे सव्वासहाला दोन तांबे पाणी घातलंस तरी शास्त्र जागच्या जागी. मग साडेचार कुठून आलं? आमच्या घरात चौदा माणसं, न्हाणीघर एक, बंब एक. प्रत्येकाला तेल लावायचं, उटणं चोळायचं, औक्षण करायचं, आणि मधे बंबात परत लाकडं सारायची. सूर्य उगवायच्या आत चौदावा माणूस बाहेर यायचा तर पहिल्याला साडेचारला बसवावंच लागायचं. आणि तो पहिला म्हणजे घरातलं सगळ्यात धाकटं पोर, कारण त्याला कोण विचारतंय. तू साबांना एवढंच म्हण, आई, तिला सगळ्यांत शेवटी घेऊ, पण अंघोळ तुम्हीच घाला. त्यांना वेळ नकोय गं, त्यांना पाय लांब करून पायावर नात घ्यायचीय.

उटणं अंगभर नको. कपूरकाचरी, आंबेहळद, संत्र्याची साल, काय काय असतं त्यात, बाळाच्या कातडीला झोंबतं आणि पूड नाकात जाते. पावलाला बोट लावा, झालं उटणं. बाकी तिला रोजचंच तेल.

आणि ते चाटवण्याचं खातं साबांकडेच देऊन टाक. तू नको म्हणालीस तर तू आगाऊ सून. त्यांनी नको म्हटलं तर ती घराची शिस्त.

तीन_पोरांचा_मामा:

चाटवण्यावरून आठवलं म्हणून लिहितो, घाबरवायचं नाहीये. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आमच्या बहिणीच्या पोराने (तेव्हा पावणेदोन वर्षांचा) कोणाच्या तरी बशीतल्या चिवड्यातला शेंगदाणा उचलला, हसता हसता ठसका लागला, पाच मिनिटांनी थांबला, सगळे म्हणाले गेला खाली. दोन दिवस नुसता खोकला. तिसऱ्या दिवशी छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा नेलं, तर दाणा श्वासनळीत, भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागला. त्यानंतर आमच्याकडे फराळाची ताटं स्टुलावर ठेवायची नाहीत असा नियमच झालाय. शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, काजूचे तुकडे, चकलीचे कडक तुकडे, चार वर्षांखालच्या पोराच्या हाताला यातलं काही लागताच कामा नये. तुमचा मोठा खाईल, पण एका जागी बसून, पळता पळता नाही.

आणि डॉक्टरांनी आम्हाला शिकवलेलं घरातल्या सगळ्यांना एकदा करून दाखवा. वर्षाच्या आतलं बाळ गुदमरलं तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबायचं, परत थापा, आणि एकाने तोवर गाडी काढायची. तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, त्याने आत ढकललं जातं.

मध मात्र वर्षभर खरंच नको हां, "काय होत नाही" म्हणणाऱ्यांना सांगा की मधात बॉट्युलिझमचे जंतू असू शकतात, मोठ्यांना ते पचतात, एवढ्या लहान आतड्यात ते वाढतात आणि बाळ लुळं पडतं.

सडेतोड:

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मध पण चाटला, चिवडा पण खाल्ला, पहाटे चारला थंडीत कुडकुडलो पण. जिवंत आहोत.

तीन_पोरांचा_मामा:

@सडेतोड, आहात म्हणून तर लिहिताय ना काका. जे राहिले नाहीत ते कुठून लिहिणार.

भुईकोट_बाबा:

किल्ल्याचं कोणीच घेत नाहीये म्हणून आलो. गेली अकरा वर्षं सोसायटीत किल्ला करतोय, पोरं मोठी होऊन निघून गेली, मी आपला करतोय.

तुमच्याकडे नदीकाठची काळी माती असणार, ती नुसती वापरू नका, वाळली की भेगा पडतात, वाळू मिसळा किंवा कुठून तरी तांबडी आणा. दगड विटांचे तुकडे रचून डोंगराचा आकार करायचा, त्यावर ओलं गोणपाट टाकायचं, मग त्यावर मातीचा चिखल थापायचा. गोणपाटामुळे माती घसरत नाही आणि माल पण कमी लागतो. तुमच्या साडेचार वर्षांच्या मावळ्याला एकच काम द्या, चिखल तुडवायचं. तासभर निश्चिंती, नंतर थेट नळाखाली. हिरवळीला हळीव पेरा, मोहरी नको, मोहरी उतारावरून घरंगळते, हळीव भिजलं की बुळबुळीत होऊन जिथल्या तिथे चिकटून बसतं. वसुबारसेच्या चार दिवस आधी टाकलं तर लक्ष्मीपूजनाला मस्त हिरवं. तुम्ही ऐन वेळी पोचणार असाल तर आजोबांना आधी फोन करा, माती आणि पहिला थर त्यांनी करून ठेवायचा. आजोबा लोक नाही म्हणत नाहीत.

कुठला किल्ला? पन्हाळा करा की, तुमच्या जवळचाच आहे, २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले आले त्यातला. तीन दरवाजा, अंधारबाव, धान्याची अंबरखान्याची कोठारं, पोरांना करायला भरपूर आहे. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक वीट ठेवा, तो विशाळगड. मधे दोन दगडांची खिंड. मग पोरं स्वतःच १६६० चा वेढा खेळतात, सिद्दी जौहर कोणी व्हायचं यावर भांडण होतं तेवढंच. डायनोसॉर, पोलिसची जीप वगैरे गडावर आलं तर येऊ द्या, वाद घालू नका, माझ्या गडावर एक वर्ष बुलडोझर होता.

फक्त एक, मातीचे मावळे, गवळणी, तोफा हे सगळं नेमकं रांगत्या बाळाच्या तोंडाच्या मापाचं असतं. किल्ला परड्यात किंवा अंगणात करा, ओट्यावर नको.

रात्रपाळी:

मी नर्स आहे, दिवाळीत कॅज्युअल्टीला ड्यूटी ठरलेली. आईबाप बॉम्बला घाबरतात आणि फुलबाजी "सेफ" म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या हातात देतात. फुलबाजीचं टोक हजार अंशाच्या घरात तापतं हो. आणि विझल्यावर ती तार खाली टाकतात, मग मागून अनवाणी पोर येतं. पायाला भाजलेले सगळ्यात जास्त त्यातलेच बघितलेत. बादलीत पाणी भरून ठेवा, विझली की तार बादलीत, हा खेळच करून टाका, पोरांना तो चुर्र आवाज आवडतो. सुती कपडे, पायात बूट चप्पल, सगळ्यांच्या. ओढणी, झब्ब्याचा घोळ खोचलेला.

भाजलंच तर साधं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही, आम्हाला नंतर ते सगळं खरवडायला लागतं आणि पोर आणखी ओरडतं.

नागगोळी पण नको. आवाज नाही म्हणून लोक निर्धास्त असतात पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये मोजलं तेव्हा बारीक धूर सगळ्यात जास्त नागगोळीचाच निघाला होता, फटाक्यांच्या माळेपेक्षाही जास्त. आणि पोरं तर तिच्यावर वाकून बघतात. बाळाला मागच्या खोलीत झोपवा, खिडक्या बंद, पंखा चालू. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला दिवाळीत रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती, गावात किती पाळतात ते सोडा, पण तुमच्या घरापुरतं तरी ८ ला सुरू, ९ ला बंद असं ठरवता येतं.

लिफीकाठची:

आम्ही डब्लिनला, मूळ कणकवलीचे. इथे ऑक्टोबरात सूर्यच आठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे आमच्या घरी अभ्यंगस्नान आरामात साडेसातला आणि तेही शास्त्रशुद्ध :D नरकचतुर्दशीला फोडायचं ते कडू कारीट मिळत नाही म्हणून मुलं दारात चेरी टोमॅटो अंगठ्याने फोडतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. तुमच्याकडे बंब आणि पाय लांब करून बसणारी आजी आहे हो, मला हेवा वाटला वाचून.

चिऊची_आई:

परत आले, भाऊबीज करून. सगळ्यांचे खूप आभार, आता रिपोर्ट.

जाताना खंबाटकीला दोन तास अडकलो, दोन्ही पोरं आळीपाळीने रडली, त्याबद्दल काही बोलत नाही.

बंबाचा मुद्दा मी साबांना जसाच्या तसा सांगितला. त्या आधी गप्पच बसल्या, मग म्हणाल्या, खरंय, आमच्यात मी शेंडेफळ, मलाच आधी उठवायचे. सव्वासहाला बाहेर तांबडं फुटत होतं, चिऊ आपणहून जागी झाली होती, साबांनी पायावर घेतलं, पावलाला उटण्याचा टिळा. रडली नाही. औक्षणाच्या वेळी मात्र ताम्हनातली सुपारी उचलून तोंडाकडे नेली, साबांनी मनगटच धरलं. मामांची थापांची शिकवणी आदल्या रात्री बाहुलीवर झाली होती, सासऱ्यांनी बाहुली इतकी बडवली की मोठा रडायला लागला.

चाटवण्याचं खातं साबांकडे दिलं आणि मंडळी, मी इतकी कडक वागूच शकले नसते. त्याच मावससासूबाई आल्या, बोटावर बेसनाचा लाडू घेतला, तर साबा स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अक्का, वर्षाची होईस्तोवर तिला काय बी द्यायचं नाही, डॉक्टरनं सांगितलंय." डॉक्टरने मला सांगितलं होतं पण ते असो. चिऊ चार दिवस नाचणीची खीर (बिनसाखरेची) आणि मऊ भात खाऊन खूश.

फटाक्यांत सहाही पोरांच्या पायात बूट, बादली मधोमध, चुर्र चुर्र जोरात. भाजला तो माझा नवरा. त्याला एकट्याला चप्पल घाल म्हणून सांगायचं राहिलं होतं. धाकटी जाऊ टूथपेस्ट घेऊन धावली, मी अडवलं, वीस मिनिटं परड्यातल्या नळाखाली पाय धरून बसवलं, बाहेर गारठा, शेजारचे सगळे बघतायत. फोड नाही आला. नंतर दोन दिवस पाय उंच करून गादीवर, म्हणजे झोप मिळाली ती पण त्यालाच.

आणि पन्हाळा झाला. सासऱ्यांनी आधी माती करून ठेवली होती, पण हळीव पेरायचा मान नातवाचा म्हणून नुसतीच राखून ठेवली. आम्ही पोचल्या पोचल्या त्याने सगळी वाटी एकाच बुरुजावर ओतली. त्यामुळे गड बोडका आणि एका बुरुजाला ही दाट शेंडी. अंधारबावेत टी रेक्स राहतो. निघताना मोडू देईना, शेवटी तुळशीच्या लग्नापर्यंत आजोबांनी सांभाळायचा असं ठरलं, ते रोज पाणी मारून फोटो पाठवतात. आजच्या फोटोत शेंडी वीतभर होऊन तीन दरवाज्यावर आडवी पडलीय आणि खाली विचारलंय की कापू का. भुईकोट_बाबा, कापू द्यायची का? मोठा इथे रडतोय, लवकर सांगा.