सौर वादळामुळे आमची डीपी जळाली असेल का?

प्रश्न (संत्रा बागायतदार, वरूड तालुका):
10 मे 2024 च्या रात्री आमच्या शिवारातील डीपी (पंपांना वीज देणारे छोटे रोहित्र) जळाली. सकाळी पाहिले, तेव्हा रोहित्राखालचे गवत सांडलेल्या तेलाने काळे पडले होते. त्याच रात्री लडाखमध्ये हानले येथे आकाश लाल दिसल्याची बातमी आली आणि हे सूर्यावरच्या वादळाचेच काम, असे गावात सगळे म्हणू लागले. आठ दिवसांपासून बागेचे ओलित बंद आहे. खरोखर असे होऊ शकते का?

उत्तर (निवृत्त यंत्रचालक, अतिउच्चदाब उपकेंद्र):
भाऊ, वादळ खरे होते, पण डीपी त्याने जळाली नाही. अशा वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावते, त्यामुळे शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांत जवळपास डीसीसारखा (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह निर्माण होतो आणि तो मोठ्या रोहित्रांच्या अर्थिंग केलेल्या न्यूट्रलमधून आत शिरतो. मग रोहित्राचा लोखंडी गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, ते तापते, आणि व्होल्टेज ढासळते. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातील क्युबेक प्रांताची वीजयंत्रणा अशीच दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. तो प्रदेश ध्रुवाकडचा, खाली विजेला विरोध करणारा कठीण खडक, वाहिन्याही फार लांब. आपली 11 केव्हीची लाइन मात्र थोड्या किलोमीटरची असते आणि डीपीची 11 केव्हीची बाजू डेल्टा जोडणीची, जिला अर्थिंग केलेला न्यूट्रल नसतो, म्हणजे त्या प्रवाहाला शिरायला वाटच नाही. किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खाचेत) फ्यूजऐवजी जाड तार घातली होती का, ते आधी पाहा; जाड तार वेळेवर वितळत नाही आणि जादा प्रवाहाने डीपीच जळते.

उत्तर (विज्ञान शिक्षक, वर्धा):
डीपीपुरते हे अगदी बरोबर आहे. मात्र आपल्याला कसलाच धोका नाही, असा अर्थ कोणी काढू नये. सप्टेंबर 1859 च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही चुंबकीय क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे, आणि तेव्हा लांब तारा होत्या त्या फक्त तारायंत्राच्या. आज वर्ध्याला 765 केव्हीचे उपकेंद्र आहे, म्हणजे लांब वीजवाहिन्या आपल्याकडेही आहेत. या वेळी अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अडले, हेही शेतकऱ्यांनी लक्षात घ्यावे. आपले आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे, ते याचसाठी मला मोलाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आज लाइनमन दादांसोबत पेटी उघडली. तिन्ही किटकॅटमध्ये जाड तारच निघाली आणि अर्थिंगची पट्टी जमिनीजवळ गंजून तुटलेली होती. नवी डीपी बसण्याआधी दोन्ही कामे करून घेतो.