१९६१ या एकाच सालावर प्रदर्शन: काय ठेवू, काय गाळू?

वाचनवेडी: नमस्कार. आमच्या पुण्यातल्या वाचनालयात दरवर्षी भारतातल्या एका सालावर छोटं प्रदर्शन असतं. यंदा १९६१. जनगणना, हुंडाबंदी कायदा, एलिझाबेथ राणीचा दौरा, पानशेत, गोवा... भिंत आठच फुटांची आहे. शाळेची मुलं येतात. सुचवा.

कसबेकर: ताई, राणीचा दौरा खुशाल गाळा. अर्धी भिंत १२ जुलैला द्या. पानशेतचं काम पुरं व्हायच्या आतच पाणी अडवलं होतं. मातीचा बांध खचायला लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून तो सकाळपर्यंत तरी टिकला. मग लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. पेठांत पाणी शिरलं ते दिवसाउजेडी, नाहीतर माणसं झोपेतच गेली असती. आंबी, मुठा, लकडी पूल, नारायण पेठ असा मोठा नकाशा काढा, मुलांना बोट फिरवू द्या.

आणि घराघरांतून वस्तू मागवा. आमच्या आजीची पैठणी ट्रंकेत भिजली होती. काठाच्या वर वीतभर मळकट रेघ आहे, रिठ्यानंही गेली नाही. ती मी देतो. गोखलेनगर, लोकमान्यनगरच्या सभासदांना आधी विचारा, पूरग्रस्तांच्याच वसाहती त्या.

डिचोलीकर: उरलेली भिंत गोव्याला हवी! १८ डिसेंबरला सैन्य आत आलं, १९ला गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वा शरण आले. लिस्बनचा हुकूम शेवटपर्यंत लढण्याचा होता, तो त्यांनी पाळला नाही. अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण गेले, ते मात्र नक्की लिहा. माझ्या बाबांचा शाळेचा दाखला पोर्तुगीजमधला, धाकट्या काकांचा मराठीतला. दोन्ही शेजारी लावा, झेरॉक्स पाठवते.

मुक्कामपोस्ट: सिल्चरला एक कोपरा द्याच. आसामात असमिया ही एकच राजभाषा केल्यावर बराक खोऱ्यातले लोक बंगालीसाठी उठले. १९ मे रोजी सिल्चर स्टेशनवर गोळीबारात ११ जण गेले. संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. फ्लोराफाउंटनचा गोळीबार आठवणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

वाचनवेडी: सिल्चर माझ्या यादीतच नव्हतं, घेते. कसबेकर काका, पैठणीला काचेची पेटी करून घेते. रविवारी माप घ्यायला येऊ का?