रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या छोट्या नौकेची कील सरकवण्यापूर्वी व्हँग पाहावी, ही नम्र विनंती

हिप्परग्याचा वारा:
परवा येथे एका सदस्याने लिहिले, "नौका वाऱ्याकडे तोंड फिरवत असेल तर कील मागे सरकवा, बाकी सारा वेळेचा अपव्यय आहे." (कील म्हणजे नौकेच्या तळाखालचे उभे पाते, म्हणजे फिन, आणि त्याच्या टोकाचा शिशाचा गोळा.) त्या सल्ल्याखाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला मात्र झोप लागली नाही, कारण गेल्या उन्हाळ्यात हाच सल्ला ऐकून मी माझ्या एक मीटर वर्गातील नौकेची फिनची खाच कापली, ती सहा मिलिमीटर मागे नेली आणि फट इपॉक्सीने भरली. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर नौका सोडली तेव्हा मंद वाऱ्यात ती वाऱ्यापासून दूर पळू लागली, आणि झुळूक जोराची आली की पूर्वीसारखीच वाऱ्यात घुसू लागली. दोष व्हँगचा, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणाऱ्या दोरीचा होता. ती इतकी आवळलेली होती की मोठ्या शिडाची मागची कड वरपासून खालपर्यंत फळीसारखी ताठ राही. वरचा भाग उघडून जादा वारा सोडून देण्याऐवजी तो नौकेला आडवे करी, आणि नौका कलली की शिडाचे बळ बाहेरच्या बाजूला सरकून नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे ओढली जाते. व्हँग थोडी सैल करून डोलकाठी किंचित पुढे आणताच सुकाणूवरचा ताण उतरला. खाचेत पाणी मात्र आजही झिरपते.

शिशाचा गोळा:
तो सल्ला माझाच होता. करवत मात्र आपली होती, हे नमूद करतो. ज्या वर्गात नौकेचे किमान वजन ४००० ग्रॅम आणि त्यात कीलचे २२०० ते २५०० ग्रॅम असते, तेथे निम्म्याहून अधिक वजन ज्याला लटकले आहे तो भाग दुय्यम ठरवणे मला पटत नाही. फिन जरा जरी पिळलेली असली, तर नौका एका बाजूच्या वाऱ्यावर सुसाट जाते आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यावर खेचल्यासारखी चालते; त्यावर व्हँग आवळा वा सोडा, उपयोग शून्य. शिवाय आपण व्हँग सैल केली आणि डोलकाठीही हलवली, मग गुण नेमका कशाने आला, हे कसे ठरवलेत?

दर्याकाठचा:
नोकरीसाठी सोलापुरात आहे, मूळ रत्नागिरीचा. आमच्याकडील जुन्या मचव्यांची डोलकाठी पिढ्यान्‌पिढ्या पुढे कललेली असे, आणि तांडेलाला त्यासाठी मिलिमीटर मोजावे लागत नसत. तलावावर वारा शिकणाऱ्यांनी जरा समुद्राकडेही पाहावे.

हिप्परग्याचा वारा:
आले समुद्राचे वकील! मचव्याचे शीड त्रिकोणी असून ते लांबलचक, तिरक्या परभाणावर, म्हणजे डोलकाठीला टांगलेल्या वाशावर, चढवलेले असते, त्यामुळे काठी पुढे कलली तरी शिडाचा मोठा भाग तिच्या मागेच पसरतो. आमच्या नौकेवर पुढे जिब, म्हणजे लहान शीड, आणि मागे मोठे शीड असते. दोन्हींची तुलना करणे म्हणजे बैलगाडीचे जू सायकलला बांधणे होय. आणि "सोलापुरात पाणी कुठले" हा टोमणा ऐकून कान किटले आहेत. ज्याने सिद्धेश्वर तलावाकाठी किल्ल्याच्या तटबंदीवरून आपटून येणारा, क्षणात दिशा बदलणारा वारा पाहिला आहे, त्याला सपाट समुद्री वाऱ्याची शिकवण कोणी देऊ नये.

दर्याकाठचा:
परभाणाचा मुद्दा मान्य, कारण तो माझ्या आजोबांनीही असाच सांगितला असता. सपाट समुद्री वारा हे शब्द मात्र मागे घ्यावेत. श्रावणात एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर येऊन उभे राहावे.

धागादोरा:
भांडण रंगले आहे, पण शिडावर वारा कसा वाहतो हे पाहिले कोणी? मी यंत्रमागावरच्या उरलेल्या सुताचा तुकडा चिकटवतो. शिडाच्या वाऱ्याआडच्या बाजूचा धागा फडफडू लागला की शीड फार आवळले आहे, हे मला लगेच कळते.

शिशाचा गोळा:
सूत दोन शिंतोड्यांत भिजून शिडाला चिकटते. जुन्या कॅसेटची फीत लावा.

धागादोरा:
चादरीच्या गावात सुताला नावे ठेवणारे आपण पहिलेच. फीत लावीन, पण घरात जुनी कॅसेट शोधून देणार कोण?

हिप्परग्याचा वारा:
गोळेसाहेब, काल रात्री नौका उलटी धरून मागून एका डोळ्याने फिन आणि डोलकाठी एका रेषेत आहेत का, ते पाहिले. फिनचे टोक तांदळाच्या दाण्याएवढे डावीकडे आहे. माझ्या व्हँगचे निदान मी मागे घेत नाही. मात्र उजवीकडून वारा घेताना नौका का अडखळत असे, हे आता कळले. आपण खूश व्हावे.

शिशाचा गोळा:
खूश आहेच. यावेळी करवत घरी ठेवा. फिनच्या एका बाजूला पातळ चिकटपट्टी लावून तेवढे काम होते.